थर्मोस्टॅटचे तास गुणिले नॉझल: उत्तर पावतीवरच्या गॅलनशी जुळत का नाही?

तळघरवासी

मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळचं जुनं घर आहे. गरम हवेचा ऑइल फर्नेस. आंघोळीचं पाणी विजेच्या वेगळ्या हीटरवर, म्हणजे तेल फक्त घर तापवायला जातं. तळघरात २७५ गॅलनची उभी टाकी आहे. हातात असलेले आकडे:

फर्नेसच्या पाटीवर: १.०० गॅलन प्रति तास
सर्व्हिसच्या टॅगवर: नॉझल (तेल फवारणारी तोटी) ०.८५, फवाऱ्याचा कोन ८० अंश, प्रकार बी. पंपाचा दाब १४० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). कार्यक्षमता ८२ टक्के
३ डिसेंबर: टाकी फुल
७ जानेवारी: पुन्हा फुल, पावतीवर १६८.४ गॅलन
या ३५ दिवसांत इकोबी थर्मोस्टॅटने दाखवलेलं हीटिंग: १७६ तास

१७६ × ०.८५ = १४९.६. म्हणजे पावती जवळजवळ १९ गॅलन जास्त दाखवते. पाटीवरचा १.०० धरला तर हिशोब १७६ वर जातो, तेव्हा पावतीच ७-८ गॅलनने कमी. ट्रकचं मीटर चुकतंय, कुठे गळती आहे, की माझी रीत चुकते आहे?

दुसरं, वर्षाला किती तेल धरायचं आणि टाकी कितीवर आली की मागवायचं? ऑटोमॅटिक डिलिव्हरी बंद करून भाव बघून स्वतः मागवायचा विचार आहे, त्यामुळे अंदाज पक्का हवा.

चारकोनीघर

एवढं कशाला? फर्नेस तासाला एक गॅलन खातो. दिवसाला आठ तास धरा, हिवाळा दीडशे दिवसांचा. १२०० गॅलन. झालं.

बर्नरवाला

@चारकोनीघर, त्यांच्याच आकड्यांनी दिवसाचे पाच तास येतात, आठ नाहीत. तेही ऐन डिसेंबरात. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये एक-दोन तासांवर भागतं. त्यामुळे १२०० ला काही आधार राहत नाही.

@तळघरवासी, रीत बरोबर आहे, दोन दुरुस्त्या राहिल्यात.

पहिली दाबाची. नॉझलवर कोरलेला ०.८५ हा १०० पीएसआयला मोजलेला प्रवाह असतो. दाब वाढला की प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १४० ला १०० ने भागून वर्गमूळ काढा: १.१८३. आता ०.८५ × १.१८३ = १.००६ गॅलन प्रति तास. म्हणून पाटीवरचा १.०० आणि नॉझलवरचा ०.८५ यांत भांडण नाही, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. जुने बर्नर १०० पीएसआयवर चालत, तिथे याच कामाला १.०० चं नॉझल लागायचं. दाब वाढवला की थेंब बारीक होतात आणि ज्वाला स्वच्छ जळते, म्हणून नवे बर्नर लहान नॉझल आणि जास्त दाब अशा जोडीने येतात. घोळ होतो तो कुणी दाब १४० वर नेतो आणि नॉझल १.०० चंच ठेवतो तेव्हा. मग फर्नेस १.१८ गॅलनने जळतो आणि चिमणीतून पैसे जातात.

टॅगवरचा १४० गेज लावून मोजलेला आहे की सवयीने लिहिलेला, हे पुढच्या सर्व्हिसला विचारा. १४० च्या जागी प्रत्यक्षात १२५ असेल तर प्रवाह ०.९५ होतो, म्हणजे साडेपाच टक्क्यांचा फरक.

दुसरी दुरुस्ती तासांची. थर्मोस्टॅट 'उष्णता हवी' ही हाक मोजतो, तेल जळलेले तास मोजत नाही. हाक आली की नव्या कंट्रोलमध्ये मोटर आधी साधारण १५ सेकंद नुसती हवा मारते (प्री-पर्ज), मगच तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो. ते १५ सेकंद तुमच्या १७६ तासांत आहेत, पण त्यात तेल नाही. तुमच्या कंट्रोलला प्री-पर्ज आहे का ते बघा: मोटर सुरू झाल्यावर ज्वालेचा आवाज लगेच येतो की थांबून? आणि इकोबीच्या वेबसाइटवरून डेटाची फाइल उतरवा. त्यात पाच-पाच मिनिटांच्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत हीटिंगचे सेकंद. त्यावरून ३५ दिवसांत फर्नेस किती वेळा सुरू झाला ते मोजता येईल.

तळघरवासी

प्री-पर्ज आहे, घड्याळ लावून बघितलं, १५ सेकंदच. फाइलमधून मोजलं तर ३५ दिवसांत १,०६८ वेळा सुरू झाला.

बर्नरवाला

मग १,०६८ × १५ सेकंद म्हणजे ४.४५ तास. १७६ मधून वजा केले की १७१.५. गुणिले १.००६ = १७२.६ गॅलन. पावती १६८.४. फरक १९ वरून ४ वर आला, अडीच टक्के. एवढ्यावर कुणाच्या मीटरवर संशय घेऊ नये.

उरलेल्या चारांचं कारण टाकीत असण्याची शक्यता जास्त (खाली कुणीतरी टाकीवर लिहीलच). दुसरी शक्यता हाय-लिमिटची. एअर फिल्टर तुंबला की फर्नेस आतून जास्त तापतो, लिमिट स्विच बर्नर बंद करतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू. थर्मोस्टॅटला यातलं काही कळत नाही, तो तास मोजत बसतो. फिल्टर बदलल्यावर तास कमी झाले तर हेच कारण. बर्नर लॉकआउटला गेला (ज्वाला न धरल्याने कंट्रोलने तो बंद करून टाकला) तरी तेच: तास पळतात, तेल शून्य.

थर्मोस्टॅटपेक्षा नेमकं हवं असेल तर तासमापक बसवून घ्या. तो मोटरच्या वायरवर नको, तेलाच्या व्हॉल्व्हच्या वायरवर. मोटरवर लावला तर प्री-पर्जही मोजला जातो, आणि बंद होतानाचा पोस्ट-पर्जही, जो काही ठिकाणी मिनिटांत असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये बर्नरचं काम प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञानेच करायचं असतं, त्यामुळे वार्षिक सर्व्हिसच्या वेळीच सांगा. काम थोडकंच आहे.

कुणी तेलाच्या लाइनवर फ्लोमीटर लावायला सुचवलं तर आधी लाइन एक आहे की दोन ते बघा. दोन लाइनच्या मांडणीत पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त तेल ओढतो आणि उरलेलं टाकीत परत पाठवतो. टाकीकडून येणाऱ्या लाइनवरचं मीटर तिथे भलताच आकडा दाखवतं.

गजकाठी

टाकीवर मी लिहितो.

'फुल' हा शब्दच सैल आहे. ट्रकवाला टाकीच्या व्हेंटमधली (हवा बाहेर जायच्या नळीतली) शिट्टी ऐकून भरतो. तेल शिट्टीच्या नळीपर्यंत आलं की ती बंद होते आणि तो थांबतो. एकदा लगेच थांबला, एकदा दोन सेकंद उशिरा, एकदा फेस जास्त आला, म्हणजे पातळी इंचभर इकडेतिकडे. तुमच्या टाकीत वरच्या भागात एक इंच म्हणजे सुमारे ५ गॅलन. तुमचे हरवलेले चार गॅलन तिथेच असतील.

उभी २७५ ची टाकी साधारण ४४ इंच उंच, २७ रुंद, ६० लांब असते. वर-खाली अर्धगोल, मध्ये सरळ भिंती. त्यामुळे प्रत्येक इंचाची किंमत वेगळी:

४ इंच तेल: सुमारे १४ गॅलन
८ इंच: ३७
११ इंच: ५७
१३½ इंच (इथे खालचा अर्धगोल संपतो): ७४
त्यापुढे ३०½ इंचांपर्यंत दर इंचाला ७ गॅलन
२२ इंच: १३४
३०½ इंच: १९३

हे मापावरून काढलेलं गणित आहे. टाकीची टोकं किंचित फुगीर असतात म्हणून कंपनीच्या तक्त्यात दोन-चार गॅलन जास्त दिसतील.

आता गंमत बघा. टाकीवरच्या नळीतला तरंगता गेज उंची दाखवतो, गॅलन नाही. काटा 'पाव' म्हणतो तेव्हा तेल ११ इंच असतं, म्हणजे ५७ गॅलन. २७५ चा पाव म्हणून मनात ६९ धरलेले असतात. पावाच्या खाली काटा झपझप उतरतो, ते तेल जास्त जळतंय म्हणून नाही, टाकी खाली निमुळती आहे म्हणून.

मोजायचंच तर काठीने मोजा. भरायची नळी बहुधा बाहेरच्या भिंतीतून कोपर घेऊन येते, तिच्यातून काठी जाणार नाही. टाकीच्या डोक्यावर एखादं बंद झाकण असतं, ते उघडून कोरडी लाकडी पट्टी सरळ तळापर्यंत. झाकण गंजून बसलं असेल तर जोर करू नका, गेजची नळी काढून तिथून मोजता येतं. पट्टीच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावली तर तळाला पाणी साचलंय का तेही कळतं. इंचभराच्या वर पाणी असेल तर तेलाचा हिशोब बाजूला ठेवा आणि आधी टाकीकडे बघा, ती आतून गंजते आहे.

गळतीची शंका फेडायची तर सौम्य दिवशी बर्नरचा स्विच रात्रभर बंद ठेवा. झोपताना आणि सकाळी काठी टाका. आठ तासांत पाव इंचही हलायला नको.

पावती मात्र नीट वाचा. पुष्कळ ट्रकवर मीटर तापमानाची दुरुस्ती करून ६० अंश फॅरनहाइटचे गॅलन छापतं, तसा उल्लेख पावतीवर असतो. नसेल तर ४० अंशांचं गार तेल तळघरात ६० पर्यंत तापून जवळजवळ एक टक्का फुगतं. तोटा तुमचा नाही.

अंशदिन

वर्षाचा अंदाज तासांवरून काढू नका, डिग्री-डे वरून काढा. तेल कंपन्याही ऑटोमॅटिक डिलिव्हरीसाठी हेच करतात.

दिवसाचं कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची, ती ६५ °फॅ मधून वजा करायची. सरासरी ३० असेल तर त्या दिवसाचे ३५ डिग्री-डे. राष्ट्रीय हवामान सेवेच्या रोजच्या नोंदीत वूस्टरचा हा आकडा तयारच मिळतो. ३ डिसेंबर ते ७ जानेवारी बेरीज करा आणि गॅलनने भागा. येणाऱ्या आकड्याला तेलवाले के-फॅक्टर म्हणतात: एका गॅलनवर तुमचं घर किती डिग्री-डे काढतं.

तळघरवासी

बेरीज १,१८० आली. १,१८० ÷ १६८.४ = ७.०. हा चांगला की वाईट?

अंशदिन

चांगला-वाईट घराच्या आकारावर. लहान, नीट इन्सुलेशन केलेल्या घराचा के मोठा असतो, मोठ्या गळक्या घराचा लहान. शेजाऱ्याशी तुलना फुकट. तुमचा तुमच्याशीच करा, याच के ची दर भरणीला नोंद ठेवून.

वूस्टरकडे वर्षाला साधारण ६,५०० डिग्री-डे होतात. ६,५०० ÷ ७ म्हणजे ९२९ गॅलन. पण ही वरची हद्द समजा. ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये सरासरी ५८ असली की कागदावर ७ डिग्री-डे लागतात, प्रत्यक्षात ऊन, स्वयंपाक आणि माणसांची ऊब यांवर घर निभावून नेतं आणि फर्नेस चालतच नाही. एका डिसेंबरच्या के वरून मी ८५० ते ९२५ धरीन. मार्चअखेर आणखी दोन पावत्या आल्या की हा पट्टा अरुंद होईल.

ज्यांच्याकडे बॉयलर आहे आणि आंघोळीचं पाणीही त्यातूनच येतं, त्यांनी आधी पाण्याचं तेल वेगळं काढावं. जून ते ऑगस्टमध्ये किती गॅलन गेले भागिले दिवस. समजा दिवसाला ०.७ आलं. मग ३५ दिवसांच्या पावतीतून २४.५ गॅलन वजा करून के काढायचा. हे विसरलं की हिवाळ्यात के बरोबर वाटतो आणि मेमध्ये सगळा अंदाज कोसळतो.

के मोडतो कधी: थर्मोस्टॅट ६६ वरून ७० ला नेला, दोन आठवडे घर बंद ठेवून भारतात गेलात, लाकडाची शेगडी लावली, पाहुणे आले आणि बंद खोल्या उघडल्या. अशी पावती बाजूला ठेवा, सरासरीत मिसळू नका.

गजकाठी

कधी मागवायचं ते अंशदिन यांच्या के वरूनच निघतं. जानेवारीच्या थंडीच्या लाटेत दिवसाची सरासरी १० °फॅ धरा, म्हणजे ५५ डिग्री-डे, ५५ ÷ ७ = ७.९ गॅलन रोज. तळाचे ४ इंच (१४ गॅलन) हिशोबात धरायचे नाहीत, तिथे गाळ असतो आणि तो फिल्टरमध्ये ओढला जातो.

काटा पावावर: ५७ − १४ = ४३ गॅलन, साडेपाच दिवस.
काटा तीन अष्टमांशावर (१६½ इंच): ९५ − १४ = ८१ गॅलन, दहा दिवस.

स्वतः मागवणाऱ्याला लाटेच्या दिवसांत चार-पाच दिवस थांबावं लागू शकतं, कारण कंपनी आधी आपल्या ऑटोमॅटिक गिऱ्हाइकांकडे जाते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी तीन अष्टमांशावर मागवा. तेव्हा टाकीत १५० च्या वर जागा असते, त्यामुळे बहुतेकांची १०० गॅलनची किमान अटही पुरी होते. मार्चपासून पाव चालेल.

संपलंच तर पेट्रोल पंपावरचं डिझेल ५-१० गॅलन टाकीत ओतून वेळ निभावते, ते याच जातीचं तेल आहे. फक्त लाइनमध्ये हवा शिरलेली असते, ती पंपाच्या ब्लीडरमधून (हवा सोडायच्या तोटीतून) काढल्याशिवाय बर्नर धरणार नाही. रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. न जळलेलं तेल आत साचतं आणि मग एकदम पेटतं.

मेनकर

टाकी घराबाहेर असणाऱ्यांसाठी भर. कडाक्याच्या थंडीत नंबर २ तेल (घर तापवायचं नेहमीचं तेल) घट्ट होतं, मेणाचे कण फिल्टर बुजवतात, म्हणून इकडे मेन राज्यात बाहेरच्या टाकीत केरोसीन किंवा मिश्रण भरतात. केरोसीनमध्ये गॅलनला सुमारे १,३५,००० बीटीयू (उष्णतेचं एकक), नंबर २ मध्ये १,३८,५००. म्हणजे तेवढ्याच उबेला अडीच टक्के जास्त गॅलन. वीस टक्के बायोडिझेलच्या मिश्रणातही दीड-दोन टक्के घट असते. भावाची तुलना करताना हे धरा.

आणखी एक, तेल गार असताना नॉझलमधून कमी नाही, उलट जास्त जातं. दाट तेल नॉझलच्या आत नीट गरगरत नाही, मधली हवेची पोकळी बारीक होते आणि भोकातून जास्त तेल बाहेर पडतं, तेही जाड थेंबांत. बाहेरच्या टाकीवर तास × नॉझल हा हिशोब जानेवारीत कमी भरतो तो यामुळे.

बर्नरवाला

के वरून आणखी एक गोष्ट दिसते, ती सांगतो. एका गॅलनमधून ८२ टक्क्यांनी १,१३,५७० बीटीयू घरात येतात. भागिले ७, भागिले २४ तास: घराला दर अंशाला तासाला ६७६ बीटीयू लागतात. बाहेर ५ °फॅ असताना (६५ − ५) × ६७६ = सुमारे ४०,५०० बीटीयू प्रति तास. फर्नेस देतो १,१४,०००. जवळजवळ पावणेतीन पट.

म्हणूनच दिवसाला तीस वेळा सुरू होतो आणि दर वेळी साडेनऊ-दहा मिनिटं जळतो. इकोबीमध्ये हीटिंगचा फरक (डिफरन्शियल, म्हणजे ठरवलेल्या तापमानाच्या किती खाली गेल्यावर सुरू व्हायचं) अर्ध्या अंशावरून एकवर नेला तर फेऱ्या कमी होतील. नॉझल लहान करायचा मोह होईल: १४० ला ०.७५ म्हणजे ०.८९ गॅलन. पण फर्नेसच्या मॅन्युअलमध्ये तो आकार दिलेला असेल तरच, आणि तंत्रज्ञाने हवा, धूर, धुराड्याचं तापमान पुन्हा मोजून. फार खाली गेलात तर चिमणीत वाफ थंड होऊन पाणी सुटतं आणि विटा खराब होतात. कार्यक्षमतेचे दोन टक्के वाचवायला चिमणीचा खर्च नको.

तळघरवासी

कालपर्यंत (२० जानेवारी) ७ तारखेपासून ४७० डिग्री-डे. भागिले ७ = ६७ गॅलन जळायला हवेत. शिट्टीपर्यंत भरलेली फुल टाकी २५५ धरली तर उरले १८८, गजकाठींच्या तक्त्याने २९¾ इंच. काठी टाकली, २९½ आले. पेस्टवर पाण्याचा डाग नाही. काटा मात्र अजून तीन चतुर्थांशाच्या वर आहे.

गजकाठी

तीन चतुर्थांश म्हणजे ३३ इंच. काठी २९½ सांगते तर काट्याचा तरंगा अडकलाय किंवा दांडी वाकली आहे. गेजच्या प्लास्टिकच्या टोपीवर हलकी टिचकी मारून बघा, खाली आला तर ठीक. नाही आला तर बदला. तोवर वरचं 'तीन अष्टमांशावर मागवा' काट्यावर नाही, काठीवर लावा: १६½ इंच.